सातवी स्लाइड

सोमवार, ३

आज साहेबांच्या टेबलावर रिमोट दिसला. अंगठ्याएवढा, काळा, दोन बटणांचा. एक बटण पुढे, एक मागे. संगणक विभागाच्या प्रमुखांनी आणून ठेवला होता. म्हणाले, "आता उगाच कुणाला बसवून ठेवायला नको." कुणाला म्हणजे मला.

आमची कंपनी पाण्याचे मीटर बनवते. साहेब प्रशासनाचे संचालक. मी चित्र विभागात. विभाग म्हणजे बाई आणि मी, दोघंच. बाई चित्रं काढतात, पत्रकं लावतात, स्लाइडी बनवतात. साहेब बोलायला उभे राहिले की मी लॅपटॉपपाशी बसून त्या चालवतो.

साहेब कधी 'पुढे' म्हणत नाहीत. त्यांचा हात चष्म्याला लागला की पुढे. मनगटावरचं घड्याळ फिरवलं की मागे. पाण्याचा घोट घेतला की पडदा काळा करायचा, म्हणजे लोक साहेबांकडे बघतात. हे आम्ही कधी ठरवलं नाही. होत गेलं. रिमोटला हे कळणार नाही. पण तो जागा अडवत नाही आणि त्याला पेन्शन द्यावं लागत नाही.

कळांचा सराव करायचं ठरवलं आहे. तो लिहून ठेवायला ही वही.

मंगळवार, ४

अठरा तारखेला अध्यक्ष आणि मंडळ येणार. साहेबांना मोठं सादरीकरण करायचं आहे. विषय 'पुनर्रचना'. साहेबांचा चेहरा सकाळपासून उतरलेला. मोठ्या सभेआधी उतरतोच.

रिमोटला जमणार नाही असं काहीतरी मला जमायला हवं.

गुरुवार, ६

मेहुणा आला होता. त्याचं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. एका कळीला हवी तेवढी कामं बांधायची. कळ दाबली की तो ती ओळीनं करतो. त्याला मॅक्रो म्हणतात.

मी म्हटलं, "सोपं करून सांग."

"भाऊजी, ताई तुम्हाला म्हणते ना, जरा दूध बघा? त्यात कामं किती? उठायचं, ओट्यापाशी जायचं, वाकून बघायचं, गॅस बंद करायचा, परत यायचं. ती बोलते एकदाच. तो मॅक्रो."

ही आतून म्हणाली, "आणि हे पेपर वाचत बसतात, दूध उतू जातं. त्याला काय म्हणतात?"

मेहुणा म्हणाला, "त्याला तांत्रिक बिघाड म्हणतात."

शुक्रवार, ७

एफ-पाच सुरुवात. एफ-सहा म्हणजे पडदा काळा, दोन सेकंद थांबून पुढची स्लाइड, मग पडदा उजळ. आकडा आणि एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, हे प्रोग्रामशिवायही होतं. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

एस्केप दाबली की सादरीकरण बंद पडून मागची सगळी अडगळ लोकांना दिसते. एकदा तसं झालं होतं आणि साहेबांच्या पित्ताच्या गोळ्यांची यादी मंडळानं वाचली होती. म्हणून एस्केपचं काम मी बदललं. आता एस्केपनंही पडदा काळाच होतो. काहीही झालं तरी बाहेर पडता येणार नाही.

दुपारी मॅक्रो चालू राहून गेला. त्याच लॅपटॉपवर बाई भांडाराला शाईची मागणी लिहीत होत्या. त्यांनी एस्केप दाबली आणि समोरचा मजकूर तीनदा नाहीसा झाला. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही सुधारणा करायच्या आधी मला दोन बाटल्या मिळायच्या."

सोमवार, १०

बाईंनी स्लाइडी पूर्ण केल्या. नऊ आहेत. सातवी सगळ्यात देखणी. पांढऱ्या पडद्यावर मधोमध एकच लाल चौकट, तिच्यात 'चित्र विभाग'. म्हणजे आमचा. बाकीचे चार विभाग सहाव्या स्लाइडवर दाटीवाटीनं बसवले आहेत, टपाल, भांडार, छपाई, जुनी दुरुस्ती. आम्हाला आख्खी स्लाइड. साहेबांनी मुद्दाम वेगळी सांगितली असं बाई म्हणाल्या.

कळ दाबली की चौकट हळूहळू पुसट होत जाते आणि नाहीशी होते. हा परिणाम मी बसवला. खाली मजकूर आहे.

बाईंनी विचारलं, "भाऊ, सातवी नीट बघितलीत ना?"

"बघितली. लाल जरा गडद हवा. पुसट व्हायला काही तरी हवं ना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गडद केला.

चौकटीतली नावं सोडली तर स्लाइडवर काय लिहिलं आहे ते मी वाचत नाही. तसा माझा नियमच आहे. गाडी चालवणाऱ्यानं प्रवाशांच्या पिशव्या उघडू नयेत. वाचायला गेलं की नजर पडद्यावर जाते आणि साहेबांचा हात सुटतो.

मंगळवार, ११

पहिली तालीम. साहेबांनी रिमोट हातात घेऊन बोलायला सुरुवात केली. साहेब बोलताना मूठ वळतात. पहिलं वाक्य संपेपर्यंत आम्ही चौथ्या स्लाइडवर होतो. दुसऱ्या वाक्याला परत पहिल्या. संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, "सवय होईल." साहेबांनी रिमोट त्यांच्या हातात ठेवला आणि मला खूण केली.

मी बसलो. सगळं तुपासारखं झालं.

सातवीवर साहेब बोलायचे थांबले. चौकट गेली. साहेब पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"कशी वाटते, भाऊ?"

"सुरेख."

"तुम्हाला काही म्हणायचं नाही?"

"दोन सेकंदांऐवजी तीनमध्ये पुसली तर जास्त डौलदार दिसेल."

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मी पडदा काळा केला.

घरी आल्यावर हिला सांगितलं, वाचलो. रिमोट गेला.

गुरुवार, १३

पुन्हा तालीम. गरज नव्हती, पण साहेबांना हवी होती. सातवीपाशी पुन्हा थांबले. "परत एकदा दाखवा," म्हणाले. मी दाखवली. "अजून एकदा." कलावंत मनाचा माणूस आहे, हे मला आजवर कळलं नव्हतं.

नंतर खोलीत बोलावून चहा दिला. विचारलं, मुलगी कमावती झाली ना. म्हटलं, झाली. घराचे हप्ते संपले का. संपत आलेत. नोकरीशिवाय दुसरं काही करावं असं मनात येतं का. मी म्हटलं, "साहेब, मला हेच आवडतं."

त्यांनी खारी माझ्याकडे सरकवली. खुर्ची उंच झाली की माणसं विसरतात म्हणतात. हे विसरले नाहीत.

शनिवार, १५

लॅपटॉप घरी आणला. हिला स्वयंपाकघराच्या टेबलावर सातवी दाखवली. चौकट पुसली गेली.

"ती चौकट कुणाची?" हिनं विचारलं.

"आमची."

"मग ती गेली कुठे?"

"कुठे जात नाही. पुसट होते. त्याला ॲनिमेशन म्हणतात."

"परत येते का?"

मागची कळ दाबली की येते. मी दाखवलं. मग वाटलं, हे एका कळीत बसवावं. पुढे, तीन सेकंद, मागे, तीन सेकंद. एफ-सातला बांधलं. खाली 'पुन्हा पुन्हा करा' असा एक पर्याय होता, तोही लावला, म्हणजे हिला निवांत बघता येईल. चौकट जात होती, येत होती. मला त्यात दोष दिसेना.

ही हात पुसायचं फडकं घेऊन बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बंद करा ते."

"आवडलं नाही?"

"खाली लिहिलंय ते वाचलंत का?"

मी तिला माझा नियम सांगितला.

"साहेबांना विचारा," ती म्हणाली, "तुमचीच चौकट का पुसायची."

मी म्हटलं, सगळ्यात देखणी स्लाइड आमची आहे, दुसऱ्या कुणाची पुसून काय शोभा येणार. ती पोळ्या लाटायला लागली. तांत्रिक गोष्टी घरी समजावणं अवघड आहे.

सोमवार, १७

हिच्या बोलण्यानं मन जरा खट्टू होतं म्हणून बाईंना विचारलं, "आपली चौकट पुसण्यात काही अर्थ असेल का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"साहेब तसं काही करणार नाहीत."

बाई म्हणाल्या, "मग झालं तर." आणि पेन्सिलीला टोक करायला लागल्या.

फाइल उघडून वाचावं असं दोनदा मनात आलं. उद्या सभा आहे. आज नियम मोडला तर उद्या हात चुकायचा.

मंगळवार, १८

जे झालं ते क्रमानं लिहितो.

पहिल्या सहा स्लाइडी उत्तम गेल्या. साहेबांचा हात चष्म्याला लागला, मी सातवी आणली. पुन्हा लागला, माझं बोट शनिवारसारखं एफ-सातवर गेलं. चौकट डौलात पुसली गेली. तीन सेकंदांनी ती परत आली.

शनिवारी बांधलेलं 'मागे' आणि 'पुन्हा पुन्हा' मी काढलं नव्हतं.

साहेब म्हणत होते, "या विभागाची आता आवश्यकता नाही." चौकट आली. साहेब म्हणाले, "हे काम बाहेरून करून घेता येईल." चौकट गेली. "त्यामुळे हा विभाग," चौकट आली, "नव्या रचनेत दिसणार नाही." दिसत होती.

मी एस्केप दाबली. पडदा काळा झाला. पण आत चाललंच होतं. पुन्हा दाबली, चौकट समोर. बाहेर पडायची वाट मीच बुजवून ठेवली होती.

अध्यक्ष वयस्कर आहेत, हळू बोलतात. त्यांनी विचारलं, "ही परत का येते आहे?"

"तांत्रिक आहे," साहेब म्हणाले.

"तुम्ही नको म्हणता आणि ती येते."

मागून कुणीतरी म्हणालं, "तेरावं घाला." मंडळ हसलं.

"हा विभाग करतो तरी काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"चित्रं. पत्रकं. आणि हे."

"हे म्हणजे?"

"हे सादरीकरण."

"म्हणजे हे तुम्ही त्यांच्याकडूनच करून घेतलंत?"

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. मी सवयीनं पुढची कळ दाबली. काही झालं नाही, चौकट आली. शेवटी मी लॅपटॉपचं झाकण लावलं. पडदा निळा झाला आणि त्यावर 'सिग्नल नाही' असं आलं.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत आहे ना, यात काय आहे?"

"हो," मी म्हटलं. "सातवी आहे."

पुन्हा हसले सगळे. मीही हसलो. अध्यक्ष हसत नव्हते. ते साहेबांना म्हणाले, "पुढच्या मंगळवारी परत आणा. तोवर ज्यांचं आहे त्यांना जाऊन सांगून या. समोर बसून."

नंतर मी बाहेर, चहाच्या कपांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि सातवी वाचली. 'चित्र विभाग बंद. जागा कमी : दोन.' अक्षरं लहान नव्हती. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

बुधवार, १९

साहेबांनी बोलावलं. मी बसलो नाही.

"मला वाटलं तुम्ही वाचाल," साहेब म्हणाले.

"मी वाचत नाही साहेब. मी तुमच्या हाताकडे बघतो."

"एवढ्या तालमी घेतल्या."

"मला वाटलं, बसत नाही म्हणून घेताय."

"पहिल्याच दिवशी बसलं होतं."

मग मी विचारलं, "तोंडानं का नाही सांगितलंत?"

"तोंडानं मला कधी काय जमलंय?" साहेब म्हणाले. "लग्नाचं विचारायला मी भावाला पाठवलं होतं."

मग म्हणाले, "बाईंना तुम्हीच सांगाल का?"

मी म्हटलं, "अध्यक्षांनी तुम्हाला सांगितलंय." इतक्या वर्षांत मी साहेबांना नाही म्हटल्याचं आठवत नाही. बाहेर आल्यावर पाय हलके वाटत होते, पण ते चांगलं की वाईट ते ठरवता आलं नाही.

घरी हिला सांगितलं. ती 'मी म्हणत होते' असं म्हणाली नाही. ताट वाढलं. तेच जास्त लागलं.

शुक्रवार, २१

साहेब आमच्या खोलीत आले. याआधी कधी आले नव्हते. खोली लहान आहे, दोन टेबलं, कागदांचं कपाट, रंगवलेले कागद वाळत घालायची दोरी. ते दोरीला डोकं लागू नये म्हणून मान वाकडी करून उभे राहिले.

बाई म्हणाल्या, "बसा ना साहेब."

"नको, उभाच बरा आहे." त्यांनी घसा साफ केला. "आपल्या कंपनीनं गेल्या काही वर्षांत…"

हात चष्म्याला गेला. काही झालं नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पुन्हा हात चष्म्याला गेला. माझा अंगठा टेबलावर आपोआप दाबला गेला.

बाई म्हणाल्या, "साहेब, इथं पुढची येत नाही. जे आहे ते बोला."

साहेबांनी घड्याळ फिरवलं. मागेही जाता येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, खिडकी नीट लागते का. बाई म्हणाल्या, नाही लागत. शाई मिळते का वेळेवर. नाही मिळत. साहेब म्हणाले, "बघतो मी." माझ्या बाटलीतलं पाणी प्याले आणि गेले.

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला एक सांगायचं आहे."

"सांगू नका. स्लाइड मीच काढली आहे, भाऊ."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"हातभर अक्षरात लिहिलं. वर तोंडानं विचारलं, नीट बघितलीत का. तुम्ही म्हणालात, लाल गडद करा." त्या ब्रश धुवायला उठल्या. "गडद केल्यावर बरी दिसली, ते मात्र खरं."

त्यांनी दोन ठिकाणी अर्ज केला आहे. एकीकडे वय जास्त आहे म्हणाले, दुसरीकडे अजून काही म्हणाले नाहीत. मी अर्ज कुठे करणार? स्लाइड पुढे ढकलायला कोण माणूस ठेवतो?

सोमवार, २४

संध्याकाळी घरी साहेबांचा फोन.

"भाऊ, सहावीवरून थेट आठवीवर जाता येतं का?"

"एका कळीत."

"उद्या तसं करा."

मी विचारलं, "सातवी काढून टाकू?"

"नको. असू दे. फक्त दाखवू नका."

"अध्यक्ष विचारतील."

"विचारलं तर बघू," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "भित्र्या माणसाचा असाही उपयोग होतो म्हणायचा." मग म्हणाली, "ते पुन्हा पुन्हा करणारं काढलंत का?" काढलं. तिच्यासमोर तपासलं. तिनं स्वतः कळ दाबून पाहिली, सहा, आठ, सहा, आठ.

मंगळवार, २५

दुपारची सभा. आज बाईही आल्या, मागच्या रांगेत बसल्या. स्लाइडी जशा येतील तशा वाचायच्या असं मी ठरवलं होतं. साहेबांचा हात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो, हे आज कळलं.

सहावी आली. टपाल, भांडार, छपाई, जुनी दुरुस्ती. मी ती चार नावं वाचली. चारही विभागांचे प्रमुख मला ओळखतात. भांडारवाल्याशी शाईवरून आमचं नेहमी वाजतं. त्याला कुणी सांगितलं असेल का, कुणास ठाऊक.

साहेबांचा हात चष्म्याला लागला. मी कळ दाबली. सातवी मध्ये कुठे दिसलीही नाही. आठवी आली. मी वाचली.

'बंद होणारे विभाग : एकूण पाच.'

आठवी बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी मागे वळून बघितलं. बाईंनीही वाचली होती. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. साहेब पडद्याला पाठ करून उभे होते, त्यांना काही दिसत नव्हतं. पडदा काळा करावा तर त्यांच्या हातात पाण्याचा पेला नव्हता, आणि खुणेशिवाय मी कधी कळ दाबलेली नाही.

अध्यक्ष पडद्याकडे बघत होते. "मागच्या वेळी एक चौकट सारखी परत येत होती," ते म्हणाले.

"आता येत नाही," साहेब म्हणाले.

"बरं झालं. आणि ज्यांचं आहे त्यांना भेटलात?"

"जाऊन आलो."

अध्यक्षांनी मान हलवली. "दाखवलं ते मंजूर. नावं लिहून घ्या." चिटणीसानं मोठ्यानं वाचली, टपाल, भांडार, छपाई, जुनी दुरुस्ती.

"एकूण?"

चिटणीसानं पडद्याकडे बघितलं. "पाच."

"पाच मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

कुणी मोजलं नाही. सही झाली, कागद पुढे गेला, चहा आला.

जिन्यात बाई माझी वाट बघत उभ्या होत्या. दोघं दोन मजले उतरलो.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे एक विभाग बंद झालाय, पण कुठला ते कुणाला माहीत नाही."

"असंच दिसतंय."

"कधी कळेल?"

"कुणीतरी वाचलं की."

त्यांनी जरा विचार केला.

"मग उद्या यायचं ना, भाऊ?"

"यायचं," मी म्हटलं. "वेळेवर या."